एक पिन आणि तिचे कागद

उमेळे फाट्यावर रिक्षा पकडायची, वसई रोड स्टेशनला उतरायचं, पूल ओलांडून पूर्वेला यायचं आणि तिथून पुन्हा शेअर रिक्षाने गोखिवरे, वालीव किंवा सातिवली. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांतून कित्येक जण रोज याच वाटेने कामाला जातात. रुळांच्या अलीकडे जुन्या वाड्या, विहिरी, मिठागरांची सपाट जमीन. पलीकडे औद्योगिक गाळ्यांच्या रांगा. या गाळ्यांत प्लास्टिकचे साचे बनतात, पितळेचे सुटे भाग बनतात, नटबोल्ट, गियर, पुठ्ठ्याचे खोके बनतात. विकत घेणाऱ्याच्या कधी नजरेसही न पडणाऱ्या या वस्तू पुढे कुणाच्या मोटारीत, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुठल्या तरी इस्पितळात जाऊन बसतात.

गाळ्यांच्या दारावर पाट्या असतात आणि पुष्कळ पाट्यांवर कंपनीच्या नावाखाली एक ओळ असते: ‘आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित’. एखाद्या दारावर ‘आयएटीएफ १६९४९’, दुसऱ्या कुठे ‘आयएसओ १३४८५’, खाद्यपदार्थांच्या गाळ्यावर ‘आयएसओ २२०००’. रिक्षातून जाणाऱ्याला हे आकडे सारखेच. ‘आयएसओवाली कंपनी आहे’ एवढं म्हणून तो पुढे जातो. आत काम करणाऱ्याला मात्र त्यांतला फरक रोज जाणवतो. दारावर कुठला आकडा आहे त्यावर त्याचा किती वेळ मोजण्यात जाणार, किती लिहिण्यात आणि किती प्रत्यक्ष मशीनवर, हे ठरतं.

समजा, अशाच एका गाळ्यात स्टेनलेस स्टीलची पिन बनते आहे. जाडी ८ मिलिमीटर, आणि ड्रॉइंगवर तिच्यापुढे अधिक-उणे ०.०२ लिहिलेलं. ७.९८ ते ८.०२ यांच्यामध्ये बसेल ती पिन पास, बाकीची लाल बिनमध्ये. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड धरला तर ही सगळी सूट केसाच्या जाडीहूनही कमी भरते. पाळी सुरू झाली की ऑपरेटर पहिला पीस काढतो, फडक्याने कूलंट पुसतो, मायक्रोमीटरमध्ये धरून तीन ठिकाणी मोजतो आणि आकडे तक्त्यात लिहितो. मायक्रोमीटरवर एक छोटं स्टिकर चिकटवलेलं आहे: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी करायचं. इन्स्पेक्टरची सही पडली की मग लॉट सुरू.

ही पिन स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीच्या बिजागरीत जाऊ शकते. मोटारीच्या ब्रेक पेडलमध्ये जाऊ शकते. स्टील त्या दर्जाचं असेल तर मोडलेल्या घोट्यात जाऊ शकते, किंवा विमानाच्या एखाद्या सांध्यात. मशीन तेच, ऑपरेटर तोच, माप कदाचित तेच. कागद मात्र चार प्रकारचे. बिजागरीतली पिन मोडली तर कपाटाचं दार लोंबकळतं. पेडलमधली मोडली तर गाडी थांबत नाही. घोट्यातली मोडली तर माणूस पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जातो. प्रत्येक धंद्याने आपापली मानकं आपापल्या भीतीतून लिहिली आहेत. ती भीती कोणती हे एकदा कळलं की या आकड्यांचं जंगल बरंच मोकळं होतं.

सगळ्यांच्या मुळाशी ९००१ आहे. जिनिव्हातली आयएसओ ही संस्था १९४७ साली सुरू झाली. योगायोग असा, की भारतीय मानक संस्था, म्हणजे ज्या आयएसआयचा शिक्का घराघरांत पोहोचला ती, त्याच वर्षी ६ जानेवारीला स्थापन झाली. पुढे १९८७ मध्ये तिचं भारतीय मानक ब्युरो झालं, आणि त्याच वर्षी आयएसओने ९००१ ची पहिली आवृत्ती काढली. तिच्या मागे ब्रिटनचं १९७९ चं बीएस ५७५० होतं, त्याच्याही मागे अमेरिकी लष्कराने १९५९ मध्ये पुरवठादारांसाठी लिहिलेले नियम होते. १९९४, २०००, २००८ आणि २०१५ अशा पुढच्या आवृत्त्या निघत गेल्या. ९००१ कुणालाही लागू पडतं: पिन बनवणाऱ्याला, शाळेला, बँकेला, नगरपालिकेलाही. ते विचारतं ते साधं आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते नीट समजून घेतलंत का? काम कसं करायचं ते ठरवलंत का? ठरवल्याप्रमाणे करता का, आणि केल्याचा पुरावा आहे का? चुकलं तर कारण शोधता का?

पिन चांगली आहे, असं मात्र ९००१ कुठेही म्हणत नाही. इथे सामान्य ग्राहकाची सगळ्यांत मोठी गल्लत होते. हेल्मेटचं उदाहरण घ्या. हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का त्या हेल्मेटबद्दल बोलतो: आयएस ४१५१ या मानकाप्रमाणे नमुना प्रयोगशाळेत आपटून, दाबून, पट्टा ओढून पाहिला आहे. दुचाकीच्या हेल्मेटला हा शिक्का १ जून २०२१ पासून सक्तीचा आहे. ९००१ चं प्रमाणपत्र बोलतं ते हेल्मेट बनवणाऱ्या कारखान्याच्या कारभाराबद्दल. एक वस्तूचं, दुसरं पद्धतीचं. म्हणून कुठल्याही डब्यावर, बाटलीवर किंवा पाकिटावर ‘आयएसओ प्रमाणित’ असं ठळक छापून वस्तूच उत्तम असल्याचा भास करून देणं चूक आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन हा तर तिसराच प्रकार. ते फळ कुठल्या मातीतलं आहे, एवढंच ते सांगतं.

आता ब्रेक पेडलकडे.

मोटार उद्योगाची भीती संख्येची आहे. एका मोटारीत हजारो सुटे भाग, दिवसाला हजारो मोटारी. एका पुरवठादाराची एक खराब बॅच आली तरी लाइन थांबते, नाही तर लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागतात. पूर्वी प्रत्येक मोठ्या कंपनीचं स्वतःचं गुणवत्ता पुस्तक असायचं आणि पुरवठादार एकाच कामासाठी चार वेगवेगळ्या ऑडिटना तोंड द्यायचा. १९९४ मध्ये क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून क्यूएस ९००० काढलं. जर्मनी, फ्रान्स, इटली यांची आपापली निराळी मानकं होती. १९९९ मध्ये ती सगळी एका तांत्रिक मानकात आली आणि २०१६ पासून त्याचं नाव आयएटीएफ १६९४९ झालं. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगरचा वाळूज पट्टा, या सगळ्या भागांतल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हा आकडा पाठ असतो. आयएटीएफचं पुस्तक एकटं वाचताच येत नाही. ९००१ शेजारी उघडून ठेवावं लागतं, कारण ते त्याच्यावर रचलेली भर आहे.

भर कसली, हे पिनवर पाहता येतं. ९००१ म्हणतं, मोजण्याचं साधन कॅलिब्रेट केलेलं हवं. आयएटीएफ पुढे विचारतं: साधन बरोबर आहे, पण मोजणारे? तिघा ऑपरेटरांना त्याच दहा पिना देतात, प्रत्येकाने प्रत्येक पिन दोन-तीनदा मोजायची, कुणाला दुसऱ्याचा आकडा दाखवायचा नाही. मग हिशोब करतात, की आकड्यांतला किती फरक पिनांचा आहे आणि किती मोजणाऱ्या हातांचा नि मायक्रोमीटरचा. मोजण्यातून आलेला फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. तीस टक्क्यांच्या वर गेला तर त्या मोजमापावर कुठलाच निर्णय घेता येत नाही. एकाने पिन घट्ट पिळून मोजली आणि दुसऱ्याने हलक्या हाताने, एवढ्यानेही चांगला माल लाल बिनमध्ये जाऊ शकतो आणि खराब माल पास होऊ शकतो. ज्या गाळ्यात ही चाचणी पहिल्यांदा होते तिथे पुढची सुधारणा बहुधा मशीनमध्ये नसतेच, मोजण्याच्या सवयीत असते.

दुसरी भर आलेखाची. समजा तासातासाने मोजलेल्या पिना ८.००३, ८.००५, ८.००८, ८.०११ अशा येत आहेत. सगळ्या पास. ९००१ चा तक्ता समाधानाने भरला जाईल. पण आकडा एकाच दिशेने सरकतो आहे, म्हणजे टूल झिजतं आहे, आणि असंच चाललं तर आज ना उद्या पिन ८.०२ च्या बाहेर जाणारच. सरासरीची एक रेषा, वर-खाली मर्यादांच्या दोन, आणि त्यांच्यामध्ये ठिपके टाकत जायचं, ही युक्ती वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या उद्योगासाठी काढली. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले आणि इथल्या कारखान्यांना ही पद्धत समजावून गेले. म्हणजे वालीवच्या मशीनला अडकवलेला तो ठिपक्यांचा कागद परदेशी गिऱ्हाइकाने कालपरवा लादलेली गोष्ट नव्हे; या देशाशी त्याची ओळख स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे.

बिघाड होण्याआधीच त्याचा विचार करायचा, हीदेखील इथली सक्ती. पिन कुठे-कुठे चुकू शकते, चुकली तर परिणाम किती गंभीर, चूक किती वेळा होईल आणि ती पकडली जाण्याची शक्यता किती, याचा तक्ता माल बनवण्याआधी भरायचा. मालाचा पहिला लॉट गिऱ्हाइकाने कागदांसकट मंजूर केल्याशिवाय पुढचा माल पाठवायचा नाही. गाळ्यातल्या भाषेत ‘पीपॅप झालं का?’ आणि तक्रार आलीच, तर ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. पिन मोठी का आली? टूल झिजलं होतं. वेळेवर का बदललं नाही? किती पिनांनंतर बदलायचं ते ठरलेलं नव्हतं. का ठरलं नव्हतं? नव्या स्टीलवर टूल किती टिकतं, याची चाचणीच घेतली नव्हती. तिथे आलं की ऑपरेटरवर ओरडून काही उपयोग नसतो. चाचणी घ्यावी लागते. पाळीवरच्या माणसाला अशी वागणूक देणारं मानक कामगाराच्या बाजूचं आहे, हे फार कमी वेळा बोललं जातं.

प्रमाणपत्र आणि पारितोषिक यांतही फरक आहे. वसईहून लोकलने थोड्याच अंतरावर असलेल्या कांदिवलीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. महिंद्राच्या या शेती-यंत्र विभागाला २००३ मध्ये जपानचं गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं. ते मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. प्रमाणपत्र किमान पातळी गाठल्याचं असतं आणि ते दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. डेमिंग त्या पातळीच्या वर किती उंच गेलात हे बघतं.

घोट्यातल्या पिनेची गोष्ट वेगळी. तिचं स्टीलच वेगळं, शरीरात न गंजणारं ३१६ एल जातीचं, तेही शस्त्रक्रियेसाठीच्या दर्जाचं. आणि मानकही वेगळ्या स्वभावाचं: आयएसओ १३४८५, चालू आवृत्ती २०१६ ची. ते ९००१ वर रचलेली भर नाही, स्वतंत्र उभं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एक विलक्षण फरक दिसतो. ९००१ मध्ये ‘सतत सुधारणा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, ग्राहकाचं समाधान मध्यभागी असतं. १३४८५ सुधारणेबद्दल जपून बोलतं. त्याचा भर असतो ठरलेली पद्धत परिणामकारक ठेवण्यावर आणि कायद्याचं पालन करण्यावर. कारण सोपं आहे. शरीरात बसवायच्या वस्तूत कुणी उत्साहाने दर महिन्याला ‘सुधारणा’ करू लागला तर ते धोक्याचं आहे. पॉलिश करायची पेस्ट बदलली तरी विचारावं लागतं, की ती शरीरात काही सोडत नाही ना, निर्जंतुक करताना टिकते ना. आधी पुरावा, मग बदल.

दुसरी गोष्ट माग काढण्याची. इथे प्रत्येक पिनेला लॉट नंबर. त्या नंबरावरून कळलं पाहिजे की स्टीलची सळी कुठल्या भट्टीतल्या कुठल्या हीटची, म्हणजे वितळवलेल्या घाण्याची, होती, कुठल्या मशीनवर, कुठल्या दिवशी, कुणी कातली, कुठल्या चक्रात निर्जंतुक झाली आणि कुठल्या इस्पितळाला गेली. या नोंदी वस्तूच्या अपेक्षित आयुष्याएवढ्या काळ जपून ठेवायच्या.

एवढा माग कशाला, याचं उत्तर भारताने मोठी किंमत मोजून घेतलं आहे. डेप्यू या जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या कंपनीने एएसआर नावाचे खुब्याचे सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. धातूवर धातू घासून सुटणारे कण रक्तात उतरत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हे सांधे बसले होते. कित्येक वर्षांनी सरकारी समितीने हिशोब मांडला तेव्हा त्यांतल्या जेमतेम हजारभर रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला होता. उरलेल्या हजारो माणसांच्या कमरेत काय आहे, हे सांगायला त्यांना गाठणार तरी कसं? नोंद म्हणजे कारकुनी, असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

त्यानंतर नियम आवळले गेले. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांच्या पाचव्या परिशिष्टातली गुणवत्ता व्यवस्था १३४८५ च्याच वळणाची आहे. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे उपकरणांचे चार वर्ग पाडले गेले. पहिल्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि वरच्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही आपले जुने स्वतंत्र नियम बाजूला ठेवून फेब्रुवारी २०२६ पासून १३४८५ लाच आधार मानायचं ठरवलं. मोटारीसाठी गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागतं. इथे सरकार मागतं.

औषधांत तर हे सगळं पहिल्यापासून कायद्याचं आहे, आणि या कायद्यामागे मुंबईची एक जखम आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल पाजलं होतं. ते औषधी दर्जाचं नव्हतंच. कारखान्यात वापरायच्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं आणि त्याने त्यांची मूत्रपिंडं निकामी केली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत साखळीतली एकेक कडी कशी सैल होती ते उघड झालं. पिंपावर लेबल होतं, बिलं होती, पुरवठादाराचं नाव होतं. आत काय आहे हे वेळेत कुणी पाहिलं नव्हतं.

औषध कारखान्यांनी उत्पादन कसं करावं हे सांगणारं ‘शेड्यूल एम’ १९८८ मध्ये आलं. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या बालमृत्यूंवरून भारतात बनलेल्या सिरपांबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यात निघालं ते हेच विष. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तिथेही तेच रसायन. चाळीस वर्षांत विष बदललं नाही आणि त्याला पकडण्याचा उपायही बदललेला नाही: ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं पिंप आत आलं की त्यातून नमुना काढायचा, डायएथिलीन ग्लायकॉलसाठी तपासायचा, निकाल आल्याशिवाय पिंपाला हात लावायचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम नव्याने लिहिलं गेलं. वर्षाला २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कारखान्यांना सहा महिने दिले, लहानांना वर्ष. पुढे लहानांची मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढली. लहान कारखान्यांची पैशांची अडचण खोटी नाही. पण एका नमुन्याची तपासणी ही त्या अडचणींत मोडत नाही, मोडू देता कामा नये.

खाद्यपदार्थांची रीत याहून निराळी आणि तितकीच हुशार आहे. अंतराळवीराच्या पोटात बिघाड झाला तर वर डॉक्टर नाही, या चिंतेतून १९६० च्या सुमारास नासा, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा आणि पिल्सबरी कंपनी यांनी एक पद्धत बसवली. शेवटी बनलेला पदार्थ तपासत बसायचं नाही. धोका कुठल्या पायरीवर शिरतो ती पायरी शोधायची आणि तिथेच पहारा ठेवायचा. तिचं नाव हॅसेप. २००५ साली आलेल्या आणि २०१८ मध्ये नव्याने लिहिलेल्या आयएसओ २२००० च्या पोटात तीच आहे. वसईच्या आगाशी भागातली सुकेळी घ्या: पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, बांधून ठेवायची. इथे पहाऱ्याची जागा वाळवण. ओल राहिली तर बुरशी, माशी बसली तर आणखी काही. घरच्या बाईला हे आजीपासून ठाऊक असतं. मानक तिच्याकडे एवढंच मागतं की किती वाळलं म्हणजे वाळलं, ते आकड्यात सांग आणि रोज लिहून ठेव.

विमानाची भीती एका बोल्टने कळते. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून निघालं आणि हवेत कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी वीसेक मिनिटं त्याचे पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. काच आदल्याच दिवशी बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी, बारीक होते. उरलेले सहा लांबीला अपुरे. कारागिराने ते जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून निवडले होते. विमान उद्योगाचं एएस ९१०० मानक, चालू आवृत्ती २०१६ ची, अशा नजरेच्या अंदाजाला जागाच ठेवत नाही. त्यात ९००१ चा सगळा मजकूर आहेच; वर भाग कुठल्या आवृत्तीच्या ड्रॉइंगचा, तो बनावट नाही ना, आत एखादी कीस किंवा विसरलेला पान्हा राहिला नाही ना, याची भर. नव्या भागाच्या पहिल्या नगासाठी ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून क्रमांक देतात आणि एकेका क्रमांकापुढे मोजलेला आकडा लिहितात. आपल्या पिनेला फार तर दहा गोल पडतील. गुंतागुंतीच्या भागाला शेकडो. नाशिकजवळ ओझरला, जिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने मिग आणि सुखोई बांधली, तिथल्या पुरवठादारांना हे गोल नवीन नाहीत. शिवाय हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, प्लेटिंग यांच्यासाठी नॅडकॅप नावाची वेगळी मान्यता लागते, कारण या कामांतला दोष पीस कापल्याशिवाय दिसत नाही.

रेल्वेला आयएसओ २२१६३ आहे, इस्पितळांना एनएबीएच, प्रयोगशाळांना एनएबीएल. रचना ओळखीची, भीती ज्याची त्याची.

मग वसईतल्या पंधरा-वीस माणसांच्या गाळ्याने काय करावं? दारावर आकड्यांची माळ लावून काही हाती लागत नाही. पिन ज्या धंद्यात जाते त्या धंद्याचं मानक घ्यावं, आणि धंदा अजून ठरला नसेल तर ९००१ पासून सुरुवात करावी. मोटारीकडे किंवा विमानाकडे वळायचं झालं तर ते पायाला उपयोगी पडतं. आयएटीएफ हौस म्हणून मिळतही नाही, मोटारीसाठी माल बनवणाऱ्या जागेलाच मिळतं. ज्यांना एकदम झेपणार नाही त्यांच्यासाठी केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाची झेड योजना २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली: कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्या, शुल्क दहा, चाळीस आणि नव्वद हजार, आणि त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० टक्के, मध्यमला ५० टक्के सवलत. पहिल्या पायरीला जे मागतात ते कुठल्याही नीट चाललेल्या गाळ्यात असायलाच हवं.

‘आठ दिवसांत आयएसओ’ देणारे दलाल मात्र दारापासूनच परत पाठवावेत. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देतात प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना पारखणारी आणखी एक संस्था वर असते; भारतात ती एनएबीसीबी, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखालची. परदेशी मान्यता संस्थाही चालतात, पण कुठली तरी हवीच. खरा ऑडिटर गाळ्यात येतो, मशीनपाशी उभा राहतो, ऑपरेटरला विचारतो की हा पीस लाल बिनमध्ये का गेला, कालच्या तारखेचा तक्ता मागतो, मायक्रोमीटर उलटा करून स्टिकर वाचतो. एनसी, म्हणजे त्रुटीची नोंद, काढतो, आणि ती कशी मिटवली ते पुढच्या खेपेला विसरत नाही. दरवर्षी एक फेरी, तिसऱ्या वर्षी पुन्हा सगळं.

भिंतीवरच्या प्रमाणपत्रात चार गोष्टी पाहायच्या. पत्ता याच गाळ्याचा आहे का, की मालकाच्या दुसऱ्या कुठल्या ऑफिसचा? कुणी दिलं, आणि त्या संस्थेला मान्यता कुणाची? मुदत कधी संपते? आणि व्याप्तीची ओळ, जी बारीक अक्षरात असते आणि जी जवळजवळ कुणीच वाचत नाही. तिथे ‘पिनांचं उत्पादन’ असेल तर ठीक; ‘पिनांचा व्यापार’ असेल तर मशीनवर काय चालतं ते कुणी तपासलेलंच नाही.

कागद पाहायला मिळाला नाही, तर निदान दारावरची पाटी वाचता येते. ९००१ च्या पुढे अपूर्णविराम आणि वर्ष असतं. २००८ च्या आवृत्तीची सगळी प्रमाणपत्रं सप्टेंबर २०१८ मध्ये जगभर रद्दबातल झाली. कुठल्या दारावर अजूनही ‘९००१:२००८’ रंगवलेलं दिसलं, तर आत शिरल्यावर मालकाला पहिला प्रश्न तोच विचारावा.